आपलाच उमेदवार हरतो तेव्हा

(अभ्यास-लेख : अमेरिकेतलं २०२०-२१ चं सत्तांतर आणि तिथल्या उजव्या लेखकांमधला वाद)

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जीआरई, युनिव्हर्सिटीची यादी, व्हिसाची तारीख आणि डॉलरचा भाव एवढंच येतं. दरवर्षी आपल्यातले कितीतरी जण तिकडे जायचं स्वप्न बघतात. पण त्या देशात सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, असं विचारलं तर आपली दांडी गुल!

२०२० च्या निवडणुकीचा विषय निघाला की हॉस्टेलवर दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "काहीतरी घोळ झालाच असणार, धुराशिवाय आग कुठे?" (म्हण उलटी झाली तरी आवाज चढा असतो.) दुसरा म्हणतो, "सगळे रिपब्लिकन वेडे आहेत." मला दोन्ही पटत नाहीत, कारण त्या वेळचं सर्वांत कडाक्याचं भांडण डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांच्यातलं नव्हतंच. ते उजव्यांच्या स्वतःच्या घरातलं होतं. आपला उमेदवार हरलाय हे आपल्याच वाचकाला सांगायचं की नाही, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक उजव्या लेखकापुढे, वकिलापुढे आणि न्यायाधीशापुढे उभा राहिला. त्यांनी काय केलं, ते या लेखात क्रमाने पाहू. विषय राजकारणाचा असला तरी पद्धत आपली, म्हणजे इंजिनिअरिंगचीच ठेवू : आधी यंत्रणा, मग बिघाड, मग दुरुस्ती.

१. यंत्रणा

अमेरिकेत अध्यक्ष थेट निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टर असतात. एकूण ५३८, बहुमताला २७०. बहुतेक राज्यांत ज्याला जास्त मतं त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर मिळतात. नोव्हेंबरात मतदान, डिसेंबरात इलेक्टरांचं मतदान, ६ जानेवारीला संसदेत त्या मतांची मोजणी आणि २० जानेवारीला दुपारी बारा वाजता शपथविधी. संसदेतल्या मोजणीच्या वेळी अध्यक्षस्थानी देशाचा उपाध्यक्ष असतो.

आता यातली गंमत बघा. उपाध्यक्ष स्वतःच उमेदवार असेल तर? तसं अनेकदा झालंय. १९६१ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी स्वतःच्या पराभवाची आणि केनेडींच्या विजयाची घोषणा केली. २००१ मध्ये अल गोर यांच्यावर तीच वेळ आली. त्यांच्याच पक्षाचे काही खासदार त्यांच्या बाजूने हरकती घ्यायला उभे राहिले, पण एकाही सिनेटरची सही नसल्यामुळे गोर यांनी त्या हरकती एकामागून एक फेटाळल्या. नियम म्हणजे नियम.

हरलेल्याने पराभव मान्य केलाच पाहिजे असा कायदा मात्र तिथे नाही. ती फक्त रीत आहे. १८९६ मध्ये विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी मॅकिन्ले यांना अभिनंदनाची तार पाठवली, तेव्हापासून ती रूढ झाली. म्हणजे इतकी मोठी यंत्रणा आणि तिचा एक महत्त्वाचा बोल्ट केवळ सवयीने घट्ट बसलेला!

२. उजवे म्हणजे नक्की कोण?

आपल्याकडे 'उजवे' हा शब्द आपण सरसकट वापरतो. अमेरिकेत त्यांचे बरेच गट आहेत. १९५५ साली विल्यम बकली यांनी 'नॅशनल रिव्ह्यू' हे नियतकालिक काढलं. कमी कर, छोटं सरकार, राज्यघटनेचा काटेकोर अर्थ आणि जुन्या संस्थांचा मान, हा त्यांचा पाया. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ची संपादकीय पानं साधारण त्याच वाटेची. पुढे रेडिओवरचे वक्ते आले आणि १९९६ मध्ये 'फॉक्स न्यूज' आलं. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट इन्स्टिट्यूटसारख्या अभ्याससंस्थाही आहेत.

'काँझर्व्हेटिव्ह' या शब्दाचा मूळ अर्थच जपणारा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या रीती, संस्था, कायदे यांत शहाणपण साठलेलं असतं, ते एका झटक्यात मोडू नये, हा त्यांचा मूळ विचार. त्यामुळे प्रश्न असा पडतो की पराभव मान्य करण्याची सव्वाशे वर्षांची रीत जपायची, की आपला नेता जपायचा? २०२० मध्ये नेमका हाच पेच पडला.

याची पूर्वतयारी आधीच झाली होती. २०१६ च्या सप्टेंबरात क्लेअरमाँटच्या पत्रिकेत मायकेल अँटन यांनी टोपणनावाने एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी त्या निवडणुकीची तुलना ११ सप्टेंबर २००१ च्या अपहृत विमानाशी केली होती. सार असं : कॉकपिटवर धडक मारा, नाहीतर मरण ठरलेलं आहे. हा निबंध खूप गाजला. पण एकदा का "हरलो म्हणजे संपलो" असं मनात बसलं, की मग कुठलाही पराभव मान्य करता येत नाही. नॅशनल रिव्ह्यूची परंपरा आणि हा विचार एका पक्षात चार वर्षं शेजारी शेजारी राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये ते समोरासमोर आले.

३. आधीचा पेपर : ५३७ मतं

परीक्षेआधी आपण जुने पेपर सोडवतो. २००० ची निवडणूक हा असाच जुना पेपर. सगळं फ्लॉरिडावर अडलं होतं. साठ लाखांच्या आसपास मतं आणि जॉर्ज बुश यांची अंतिम आघाडी फक्त ५३७. अनेक काउंट्यांमध्ये पंचकार्डं होती. मतदाराने सुईने भोक पाडायचं आणि कार्डाचा तो छोटा तुकडा खाली पडायचा. काही तुकडे पडलेच नाहीत, काही लोंबकळत राहिले, काहींवर नुसता खड्डा पडला. यंत्राला हे वाचता येईना. मग माणसं भिंग घेऊन कार्डं बघत बसली.

त्या वेळी उजव्या लेखकांचा मुद्दा असा होता : सामना संपल्यावर नियम बदलू नका. एका काउंटीत लोंबकळणारा तुकडा म्हणजे मत आणि शेजारच्या काउंटीत नाही, ही कुठली मोजणी? हा मुद्दा तकलादू नव्हता. १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने फेरमोजणी थांबवली ती ५ विरुद्ध ४ अशी, पण मोजणीचा निकष एकसारखा नाही ही अडचण सात न्यायाधीशांना दिसली होती. दुसऱ्याच दिवशी गोर यांनी पराभव मान्य केला.

याच प्रकरणातली एक गोष्ट मला फार आवडते. पाम बीच काउंटीत मतपत्रिकेची मांडणी फुलपाखरासारखी होती : दोन्ही बाजूंना नावं आणि मध्ये भोकांची एकच ओळ. तिथे पॅट ब्युकॅनन यांना ३,४०७ मतं पडली. ब्युकॅनन हे कट्टर उजवे स्तंभलेखक, आणि हा भाग डेमोक्रॅटांचा, तिथे ज्यू मतदारही भरपूर. ब्युकॅनन यांनी टीव्हीवर सरळ सांगून टाकलं की ती मतपत्रिका पाहिल्यावर लोकांनी गोर यांना द्यायचं मत चुकून मला दिलं असणार हे लगेच कळतं. स्वतःला पडलेल्या मतांबद्दल असं बोलायला हिंमत लागते. आपल्या बाजूचा माणूस आपल्याविरुद्ध जाणारी गोष्ट सांगतो, तेव्हा तिचं वजन दुप्पट धरावं, हा या जुन्या पेपरातला पहिला धडा.

दुसरा धडा वेळेचा. या वादात छत्तीस दिवस गेले आणि नव्या सरकारच्या तयारीचा काळ जवळपास अर्धा झाला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने आपल्या अहवालात याची नोंद घेतली होती. सुरक्षेच्या महत्त्वाच्या जागा भरायला उशीर झाला. म्हणजे सत्तांतर रेंगाळणं ही नुसती मानापमानाची गोष्ट नाही.

४. २०२० : तक्रारींचे तीन कप्पे

३ नोव्हेंबर २०२० ला मतदान झालं. शनिवारी, ७ तारखेला वृत्तसंस्थांनी जो बायडेन विजयी झाल्याचं जाहीर केलं. ३०६ विरुद्ध २३२. एकूण मतांत बायडेन सुमारे ७० लाखांनी पुढे. पण खरी चुरस तीन राज्यांत होती : अ‍ॅरिझोना १०,४५७, जॉर्जिया ११,७७९ आणि विस्कॉन्सिन २०,६८२. बेरीज करा, ४२,९१८. या तीन राज्यांचे ३७ इलेक्टर फिरले असते तर २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती. म्हणजे ट्रम्प यांच्या समर्थकांना "इतक्या थोडक्यात?" असं वाटलं, यात नवल नाही.

त्यानंतर उजव्या बाजूने जे काही लिहिलं आणि बोललं गेलं, ते सगळं एकाच गोणीत भरू नये. मी त्याचे तीन कप्पे केलेत.

पहिला कप्पा : नियमांबद्दलची तक्रार. कोरोनामुळे बऱ्याच राज्यांनी टपाली मतदानाचे नियम सैल केले. पेनसिल्व्हेनियात तिथल्या सुप्रीम कोर्टाने टपाली मतं पोचायची मुदत तीन दिवसांनी वाढवली. घटनेप्रमाणे असे नियम करण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाचा, कोर्टाचा नाही, असं अनेक उजव्या घटनातज्ज्ञांचं म्हणणं होतं. ही तक्रार वाजवी आहे, तिच्यावर दोन्ही बाजूंनी गंभीर चर्चा होऊ शकते. निवडणुकीआधी 'न्यूयॉर्क पोस्ट'ने बायडेन यांच्या मुलाच्या लॅपटॉपवर दिलेली बातमी ट्विटर आणि फेसबुकने दाबली, हा रागही याच कप्प्यातला. पण इथे आकडा बघायचा. पेनसिल्व्हेनियात त्या वाढीव तीन दिवसांत आलेली मतं सुमारे १० हजार. ती वेगळी ठेवली होती. बायडेन यांची आघाडी त्यांच्याशिवाय ८०,५५५. तक्रार खरी मानली तरी निकाल हलत नाही.

दुसरा कप्पा : मोजणीबद्दलचे दावे. इथे आपलं गणित कामाला येतं, म्हणून दोन उदाहरणं जरा सविस्तर घेऊ.

टेक्सास राज्याने थेट सुप्रीम कोर्टात याचिका केली. तिला सतरा राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांचा आणि रिपब्लिकन पक्षाच्या १२६ खासदारांचा पाठिंबा मिळाला. त्यात एका तज्ज्ञाचा हिशेब जोडला होता : पहाटे तीन वाजता ट्रम्प पुढे असताना नंतर बायडेन जिंकण्याची शक्यता एकावर पंधरा शून्यं इतक्यातून एक. आकडा ऐकून छाती दडपते! पण हिशेबातलं गृहीतक काय? आधी मोजलेली आणि नंतर मोजलेली मतं एकाच प्रकारच्या मतदारांची आहेत.

समजा हॉस्टेलमध्ये मेस सेक्रेटरीची निवडणूक आहे. ए ब्लॉकमध्ये एका उमेदवाराचे मित्र, बी ब्लॉकमध्ये दुसऱ्याचे. ए ब्लॉकची पेटी आधी उघडली, तर पहिला अर्धा तास कोण पुढे दिसणार? आणि बी ब्लॉकची पेटी उघडल्यावर चित्र पालटलं, तर ती चोरी का? ट्रम्प यांनी टपाली मतदानावर महिनोन्‌महिने टीका केल्यामुळे त्यांचे समर्थक प्रत्यक्ष केंद्रावर गेले आणि टपाली मतं मुख्यतः डेमोक्रॅटांची आली. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनच्या कायद्यानुसार मतदानाच्या दिवसापूर्वी टपाली पाकिटं उघडायलाही परवानगी नव्हती. साहजिकच ती मोजायला वेळ लागला. ओहायोत उलट झालं. तिथे टपाली मतं आधी जाहीर झाली, सुरुवातीला बायडेन पुढे दिसले आणि शेवटी ट्रम्प आठ टक्क्यांनी जिंकले. तिथे "चोरी झाली" असं कुणी म्हटलं नाही. सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबरला टेक्सासची याचिका दाखलच करून घेतली नाही. दुसऱ्या राज्याची निवडणूक कशी व्हावी हे सांगायचा टेक्सासला अधिकार नाही, एवढंच कारण दिलं.

दुसरं उदाहरण बेनफर्डच्या नियमाचं. अनेक नैसर्गिक आकडेवारींमध्ये संख्येचा पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के असतं आणि ९ असण्याचं साडेचार टक्क्यांच्या आसपास. हिशेबातली अफरातफर पकडायला हा नियम वापरतात. शिकागो, मिलवॉकीतल्या बायडेन यांच्या मतांना तो लागू पडत नाही असे आलेख सगळीकडे फिरले. पण या नियमाला अट आहे : आकडे दहापासून लाखापर्यंत असे अनेक पटींत पसरलेले हवेत. मतदान केंद्रं साधारण एकाच आकाराची असतात. प्रत्येक केंद्रावर ४०० ते ९०० मतं आणि उमेदवाराला ६० ते ८० टक्के पाठिंबा असेल, तर त्याची मतं २४० ते ७२० यांच्यात येणार. पहिला अंक १ येणार कुठून? सूत्र बरोबर होतं, पण अट न तपासता लावलं होतं. व्हायव्हात सर आपल्याला जिथे पकडतात, अगदी तिथेच.

तिसरा कप्पा : "निवडणूक चोरली" हा निष्कर्ष. यात मतदानयंत्रांनी मतं फिरवली, परदेशी सर्व्हर होते, असे आरोप आले. १९ नोव्हेंबरला ट्रम्प यांच्या वकिलांनी पत्रकार परिषदेत हे मांडलं. त्याच रात्री फॉक्सवर टकर कार्लसन यांनी सांगितलं की वकील सिडनी पॉवेल यांच्याकडे आम्ही पुरावा मागितला, त्यांनी दिला नाही. ते काही डेमोक्रॅटांचे मित्र नव्हेत! तरीही अशा आरोपांना त्या वाहिनीवर जागा मिळत राहिली. पुढे डॉमिनियन या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने फॉक्सवर बदनामीचा खटला भरला आणि एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. पडद्यावर एक आणि आपापसातल्या मेसेजमध्ये दुसरंच, हे त्या खटल्यातल्या कागदपत्रांतून बाहेर आलं होतं.

लक्षात घ्या, पहिल्या कप्प्यातला खरा राग तिसऱ्या कप्प्यातल्या निष्कर्षाला इंधन म्हणून वापरला गेला. "नियम चुकीचे बदलले" पासून "मतं चोरली" पर्यंत उडी मारताना मध्ये पुराव्याचा पूल लागतो. तो कधीच बांधला गेला नाही.

५. घरातल्यांनीच सांगितलं

आता या दाव्यांना कोणी खोडलं ते बघा. १ डिसेंबरला ट्रम्प यांचेच अ‍ॅटर्नी जनरल विल्यम बार यांनी सांगितलं की निकाल बदलेल इतका गैरप्रकार आढळलेला नाही. त्याआधी २७ नोव्हेंबरला पेनसिल्व्हेनियाच्या प्रकरणात अपील कोर्टाने ट्रम्प यांची मागणी फेटाळली. तिन्ही न्यायाधीश रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले आणि निकालपत्र लिहिणारे स्टेफॅनोस बिबास हे तर खुद्द ट्रम्प यांनीच नेमलेले. आरोपाला तपशील लागतो आणि मग पुरावा लागतो, इथे दोन्ही नाहीत, असा त्यांचा सूर होता. नॅशनल रिव्ह्यूने नोव्हेंबरच्या अखेरीस ट्रम्प यांच्या वागण्यावर कडक अग्रलेख लिहिला. डिसेंबरच्या शेवटी न्यूयॉर्क पोस्टने पहिल्या पानावरून त्यांना हा खेळ थांबवायला सांगितलं.

आणि मग जॉर्जियाचे ब्रॅड रॅफेन्सपर्गर. आपल्या कॉलेजात यांचं नाव माहीत असायलाच हवं, कारण हे गृहस्थ सिव्हिल इंजिनिअर आहेत. पक्के रिपब्लिकन, ट्रम्प यांना मत दिलेले आणि राज्यातल्या निवडणुकांचे प्रमुख. त्यांच्या राज्यात ५० लाख मतं तीनदा मोजली गेली, त्यातली एक मोजणी पूर्ण हाताने. त्या मोजणीत फ्लॉइड काउंटीत सुमारे २,६०० न मोजलेली मतं सापडली, त्यातली जास्त ट्रम्प यांची. ती लपवली नाहीत, मिळवली. आघाडी कमी झाली, पण निकाल तोच राहिला.

२ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी त्यांना फोन केला आणि ११,७८० मतं शोधायला सांगितलं. आघाडी ११,७७९ ची होती, म्हणजे बरोबर एक जास्त! रॅफेन्सपर्गर यांचं उत्तर आवाज न चढवता दिलेलं होतं : तुमच्याकडची आकडेवारी चुकीची आहे. लॅबमध्ये रीडिंग हवं तसं येईना की आपण काय करतो, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जर्नल पूर्ण करायचं असतं म्हणून आलेख आधी काढतो आणि मग त्यावर बिंदू बसवतो. या माणसाला देशाच्या अध्यक्षाने तेच करायला सांगितलं होतं. त्याने नकार दिला.

६. गुरू आणि शिष्य

शेवटचा प्रयत्न ६ जानेवारीच्या मोजणीचा. क्लेअरमाँटशी संबंधित कायदेपंडित जॉन ईस्टमन यांनी टिपण तयार केलं : उपाध्यक्ष माइक पेन्स काही राज्यांची मतं बाजूला ठेवू शकतात. पेन्स यांच्या वकिलाने सल्ला विचारला तो माजी न्यायाधीश मायकेल ल्यूटिग यांना. ल्यूटिग म्हणजे उजव्या कायदेविश्वातलं मोठं नाव. गंमत अशी की ईस्टमन हे पूर्वी याच ल्यूटिग यांच्या हाताखाली क्लार्क होते. ५ जानेवारीला ल्यूटिग यांनी ट्विटरवर जाहीर मत दिलं की उपाध्यक्षाला मोजण्यापलीकडे अधिकार नाही. लांब मजकूर तुकड्यांत कसा टाकायचा हे त्यांना येत नव्हतं, त्यासाठी मुलाची मदत घ्यावी लागली! दुसऱ्या दिवशी पेन्स यांनी आपल्या पत्रात ल्यूटिग यांचा आधार घेतला आणि एकतर्फी अधिकार वापरायला नकार दिला.

विचार करा, उद्याचा उपाध्यक्ष डेमोक्रॅट असेल आणि त्याने हाच अधिकार वापरला तर? खऱ्या उजव्या विचाराची ही कसोटी होती. आपल्या शत्रूच्या हातात द्यायला भीती वाटते तो अधिकार आपणही घेऊ नये.

त्या दुपारी जमाव संसदेत घुसला. सुमारे १४० पोलीस जखमी झाले. रात्री मोजणी पुन्हा सुरू झाली तेव्हाही रिपब्लिकन पक्षाच्या १४७ सदस्यांनी कुठल्या ना कुठल्या राज्याच्या निकालाविरुद्ध मत दिलं. पहाटे पेन्स यांनी बायडेन यांचा विजय जाहीर केला. त्यानंतर वॉल स्ट्रीट जर्नलच्या अग्रलेखात ट्रम्प यांनी राजीनामा देणं उत्तम, असं लिहून आलं.

७. किंमत

खरं बोलणं फुकट पडलं नाही. अ‍ॅरिझोनात बायडेन जिंकणार हे फॉक्सने मतदानाच्या रात्रीच सांगितलं होतं. ते बरोबर ठरलं, पण त्या निर्णयाची बाजू मांडणाऱ्या क्रिस स्टायरवाल्ट यांची नोकरी जानेवारीत गेली. अ‍ॅरिझोना विधानसभेचे अध्यक्ष रस्टी बोवर्स आणि खासदार लिझ चेनी २०२२ मध्ये आपल्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हरले. रॅफेन्सपर्गर मात्र पुन्हा निवडून आले, हेही सांगायला हवं. दुसऱ्या बाजूला २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बार कोर्टाच्या न्यायाधीशांनी ईस्टमन यांची वकिलीची सनद काढून घ्यावी अशी शिफारस केली.

जुलै २०२२ मध्ये आठ ज्येष्ठ उजव्यांनी एकत्र येऊन अहवाल काढला. त्यात ल्यूटिग होते, आणि २००० मध्ये बुश यांच्यासाठी लढलेले टेड ओल्सन व बेंजामिन गिन्सबर्ग हे दोन वकीलही होते. सहा राज्यांतले ६४ खटले त्यांनी तपासले. वीस सुनावणीआधीच फेटाळले गेले, चौदा ट्रम्प यांच्या बाजूनेच मागे घेतले गेले आणि तीस खटल्यांत गुणवत्तेवर सुनावणी झाली. त्यातला एकच त्यांच्या बाजूने लागला आणि त्यातल्या मतांनी निकाल बदलण्यासारखा नव्हता. निष्कर्ष : निवडणूक हरली गेली, चोरली गेली नाही.

दुरुस्तीही झाली. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने १८८७ चा जुना, मोघम कायदा बदलला. उपाध्यक्षाचं काम फक्त औपचारिक असल्याचं स्पष्ट केलं. पूर्वी दोन्ही सभागृहांतला एकेक सदस्य हरकत घेऊ शकत असे, आता दोन्हीकडचे एक पंचमांश सदस्य लागतात. सैल बोल्ट थोडा आवळला गेला. याला दोन्ही पक्षांची मतं मिळाली.

२०२४ मध्ये ट्रम्प ३१२ इलेक्टर मिळवून पुन्हा जिंकले. ६ जानेवारी २०२५ ला कमला हॅरिस यांनी अध्यक्षस्थानी बसून स्वतःचा पराभव वाचून दाखवला. काही गडबड झाली नाही. २० जानेवारीला ट्रम्प यांनी ६ जानेवारीच्या प्रकरणातल्या सुमारे १५०० जणांना माफी दिली आणि १४ जणांची शिक्षा कमी केली. त्यावर उजव्या लेखकांत पुन्हा दोन तट पडले. म्हणजे हा वाद मिटलेला नाही.

८. आपण काय घ्यायचं?

डेमोक्रॅट धुतल्या तांदळासारखे आहेत असं मला म्हणायचं नाही. २००५ मध्ये ओहायोच्या आणि २०१७ मध्ये काही राज्यांच्या मतांवर त्यांच्याही सदस्यांनी हरकती घेतल्या होत्या, आणि हे दाखवून देणारे उजवे लेखक बरोबरच होते. पण त्या दोन्ही वेळी हरलेल्या उमेदवाराने पराभव आधीच मान्य केलेला होता. फरक तिथे आहे.

उद्या आपण कुठल्याही देशात, कुठल्याही कंपनीत असू, आपल्या बाजूचा कुणीतरी मोठा माणूस आपल्याला "एवढा एक आकडा बघ ना जरा" असं म्हणणार आहे. पुलाच्या काँक्रीटचा असेल, टेस्ट रिपोर्टचा असेल नाहीतर मतांचा असेल. त्या वेळी विरोधकाशी भांडणं सोपं असतं. आपल्या माणसाला "आकडा हाच आहे" असं सांगणं अवघड. २०२०-२१ मध्ये अमेरिकेची यंत्रणा टिकली, ती असं सांगणारी थोडी माणसं योग्य जागी होती म्हणून. ती नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न आपण डिझाइनच्या तासाला विचारतो तसाच इथेही विचारायला हवा. इतकं मोठं ओझं इतक्या थोड्या खांबांवर असणं, हे काही चांगलं डिझाइन नव्हे.

रूमवर चर्चा करण्यासाठी काही प्रश्न :

१. एखादा राजकीय लेख घ्या. त्यातली वाक्यं नियमांची तक्रार, मोजणीचा दावा आणि चोरीचा निष्कर्ष अशा तीन कप्प्यांत लावून बघा. कुठल्या कप्प्यात पुरावा सर्वांत कमी आहे?

२. आपल्या हॉस्टेलच्या खोल्यांच्या क्रमांकांना बेनफर्डचा नियम लागू पडेल का? का नाही?

३. पराभव मान्य करण्याची रीत कायद्यात घालावी का? घातली तर ती रीत राहील का?

४. तुमच्या बाजूविरुद्ध जाणारी, पण खरी असलेली एक गोष्ट तुम्ही शेवटची कधी मोठ्याने बोललात?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मलाही लगेच देता आलं नाही. तुम्हाला आलं तर जरूर सांगा.